मानवी हक्क आणि परराष्ट्रनीती : किंमत कोण मोजतो?

(पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मानवी हक्क हा शब्द आज प्रत्येक सरकारच्या परराष्ट्र खात्याला तोंडपाठ झालेला आहे. ज्यांनी दुसऱ्यांच्या देशांत लष्करी राजवटी पोसल्या त्यांच्या भाषणांत तो आढळतो. आणि त्या राजवटींच्या तुरुंगांत ज्यांची उमेद खर्ची पडली त्यांच्याही निवेदनांत तो आढळतो. चिलीमध्ये ११ सप्टेंबर १९७३ रोजी साल्वादोर आयेंदे यांचे लोकनियुक्त सरकार लष्कराने उलथून पाडले. त्यानंतर तीन वर्षांनी, जून १९७६ मध्ये, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर त्याच चिलीच्या राजधानीत अमेरिका खंडातील राष्ट्रांच्या परिषदेपुढे मानवी हक्कांवर भाषण करण्यास गेले. मात्र भाषणाआधी ते हुकूमशहा पिनोशे यांना भेटले आणि आपले भाषण चिलीला उद्देशून नाही, असा दिलासा त्यांना देऊन आले. या भेटीचा सरकारी वृत्तान्त पुढे गोपनीयतेतून मुक्त झाला, म्हणून ही गोष्ट जगाला कळली.

अशी उदाहरणे पाहून अनेक कार्यकर्ते असा निष्कर्ष काढतात की, मानवी हक्कांची भाषा म्हणजे साम्राज्यवादाचा निव्वळ बुरखा होय. तिच्याशी आपल्याला काय कर्तव्य? हा निष्कर्ष घाईचा आहे. नाणे खोटे पाडले जाते याचा अर्थ नाण्याला किंमत नाही असा होत नाही. खऱ्याला किंमत असते म्हणूनच खोटे पाडले जाते. तेव्हा खऱ्याखोट्याची पारख कशी करावी, हा खरा प्रश्न आहे. या व्याख्यानाचा विषय तोच आहे, आणि त्यासाठी दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण घेणे सर्वांत उपयुक्त ठरेल. कारण तेथे ही पारख जवळजवळ अर्धशतकभर, सर्व जगाच्या डोळ्यांसमोर, चालू होती. आणि तिचा आरंभ भारताने केला होता.

१९४६ : "अंतर्गत बाब" या युक्तिवादाचा पहिला पराभव

१९४६ साली दक्षिण आफ्रिकेतील स्मट्स सरकारने आशियाई जमीनधारणा व हिंदी प्रतिनिधित्व कायदा केला. हिंदी लोकांनी जमीन कोठे घ्यावी आणि कोठे राहावे याला या कायद्याने कुंपण घातले. "वस्तीबंदीचा कायदा" म्हणून तो कुप्रसिद्ध झाला. डॉ. युसुफ दादू आणि डॉ. जी. एम. नायकर यांच्या नेतृत्वाखाली जून महिन्यात डरबनमध्ये सत्याग्रह सुरू झाला व सुमारे दोन हजार लोक तुरुंगात गेले. डॉ. दादू हे कम्युनिस्ट होते आणि पुढे ते दक्षिण आफ्रिकी कम्युनिस्ट पक्षाचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी १२ ऑगस्टला विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींतील हजारो कृष्णवर्णीय कामगारांनी संप पुकारला. पोलिसांनी तो बळाने चिरडला. किमान नऊ कामगार मृत्युमुखी पडले. दोन्ही लढे एकाच व्यवस्थेविरुद्ध होते, ही जाणीव तेथूनच वाढीस लागली आणि मार्च १९४७ मध्ये दादू, नायकर व आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष डॉ. झुमा यांनी संयुक्त करारावर सह्या केल्या.

भारत तेव्हा स्वतंत्र झालेला नव्हता. परंतु लोकमताचा रेटा एवढा होता की परकीय सरकारलाही तो मानावा लागला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात राष्ट्रकुल संबंध खाते नागपूरचे डॉ. ना. भा. खरे यांच्याकडे होते. हे गृहस्थ पुढे हिंदु महासभेचे अध्यक्ष झाले. त्यांचे राजकारण आपल्या विरोधी टोकाचे. तरीही दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कठोर उपाय योजावेत असा आग्रह त्यांनी धरला होता, हे नमूद केले पाहिजे. व्यापारी करार संपुष्टात आणण्याची सूचना मार्चमध्ये दिली गेली, जुलैमध्ये व्यापारबंदी अमलात आली, आणि २२ जून १९४६ रोजी भारताची तक्रार संयुक्त राष्ट्रसंघाकडे दाखल झाली.

आमसभेत भारतीय शिष्टमंडळाचे नेतृत्व विजयालक्ष्मी पंडित यांच्याकडे होते. समोर प्रत्यक्ष स्मट्स होते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेच्या प्रास्ताविकेत मूलभूत मानवी हक्कांवरील श्रद्धेचा जो उल्लेख आहे, त्या प्रास्ताविकेच्या मसुद्यात याच स्मट्स यांचा मोठा वाटा होता. आता ते सनदेच्या दुसऱ्या कलमातील सातव्या पोटकलमाचा आधार घेऊन सांगत होते की, आमच्या देशातील लोकांना आम्ही कसे वागवतो ही आमची अंतर्गत बाब आहे. ८ डिसेंबर १९४६ रोजी मतदान झाले. भारताच्या बाजूचा ठराव ३२ विरुद्ध १५ मतांनी, आवश्यक त्या दोन-तृतीयांश बहुमताने, संमत झाला. सात राष्ट्रे तटस्थ राहिली. सोव्हिएत संघाने ठरावाच्या बाजूने मत दिले, तर ब्रिटन व अमेरिका विरोधात गेले. मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा संमत होण्यास अद्याप दोन वर्षे अवकाश होता. त्याआधीच हे तत्त्व प्रस्थापित झाले की, माणसाला माणूस म्हणून नाकारणे ही कोणत्याही राज्याची खाजगी बाब नाही.

१९४८ च्या त्या जाहीरनाम्यावर मतदान झाले तेव्हा विरोधात एकही मत पडले नाही, परंतु आठ राष्ट्रे तटस्थ राहिली. त्यांत दक्षिण आफ्रिका व सौदी अरेबिया होते, तसेच सोव्हिएत संघ व पूर्व युरोपातील राष्ट्रेही होती. ही नोंद झाकून ठेवण्याचे कारण नाही. आर्थिक व सामाजिक हक्कांना पुरेसे स्थान नाही, हा सोव्हिएत आक्षेप विचारार्ह होता. पण नागरिकाला राज्याविरुद्धही हक्क असतात, हे मान्य करण्याची अनिच्छाही त्या तटस्थतेत होती. पुढच्या इतिहासाने त्या अनिच्छेचा हिशेब चुकता करून घेतला.

पहिली कसोटी : स्वतःचे काय पणाला लावले?

भारताच्या व्यापारबंदीला वजन होते, कारण ती फुकट नव्हती. भारताच्या एकूण निर्यातीपैकी सुमारे पाच टक्के माल त्या काळी दक्षिण आफ्रिकेत जात असे. त्यात ताग व गोणपाट यांचा मोठा वाटा होता, म्हणजे कलकत्त्याच्या गिरण्यांच्या मालाचा. फाळणीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या दरिद्री देशाने ही बाजारपेठ सोडली आणि १९९३ पर्यंत, तब्बल ४७ वर्षे, हा बहिष्कार पाळला. त्याला पळवाटा नव्हत्या असे नाही. लंडनमार्गे मुंबई-सुरतेला येणाऱ्या कच्च्या हिऱ्यांवर ते कोणत्या खाणीतले याची मोहर नसे. पण धोरण म्हणून राज्याने शब्द पाळला. १९७४ साली डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत प्रतिस्पर्धी दक्षिण आफ्रिका होता. भारताने खेळण्यास नकार दिला आणि चषकावर पाणी सोडले. त्याआधी, १९६७ मध्ये, आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला दिल्लीत कार्यालय मिळाले होते. नामिबियाच्या मुक्तिसंघटनेला १९८५ मध्ये भारताने राजदूतावासाचा दर्जा दिला.

आता दुसरी बाजू पाहावी. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे परवान्याच्या कायद्याविरुद्ध निदर्शने करणाऱ्या ६९ लोकांना पोलिसांनी गोळ्या घालून ठार केले. जगभर निषेध झाला. निषेधाच्या भाषेत वॉशिंग्टन आणि लंडनही कमी पडले नाहीत. परंतु १९७० साली दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतून सुमारे एक हजार टन सोने निघाले. जगातील त्या वर्षीच्या उत्पादनाच्या ते जवळजवळ दोन-तृतीयांश होते. हे सोने स्वस्त पडत असे, कारण ते खणणारा मजूर परवान्याच्या कायद्याने बांधलेला होता, कुटुंबापासून दूर बराकीत कोंडलेला होता, आणि त्याला संघटनेचा हक्क नव्हता. ब्रिटिश आणि अमेरिकन भांडवल त्या खाणींत, बँकांत व कारखान्यांत गुंतलेले होते. वर्णभेद हा त्या नफ्याचा डाग नव्हता, तो त्याचा पाया होता. म्हणूनच निषेध आणि गुंतवणूक एकाच वेळी चालू राहू शकली.

ऑक्टोबर १९७४ मध्ये दक्षिण आफ्रिकेला संयुक्त राष्ट्रसंघातून काढून टाकण्याचा ठराव सुरक्षा समितीपुढे आला. अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स या तिघांनी एकत्रितपणे नकाराधिकार वापरला. असे प्रथमच घडत होते. शस्त्रास्त्रबंदी सक्तीची व्हायला नोव्हेंबर १९७७ उजाडले. तोपर्यंत सोवेटोच्या शाळकरी मुलांवर गोळीबार झाला होता आणि स्टीव्ह बिको पोलीस कोठडीत मारले गेले होते. भारताची पहिली तक्रार आणि ही बंदी यांत एकतीस वर्षे गेली. सक्तीच्या आर्थिक निर्बंधांचे ठराव तर १९८० च्या दशकातही अमेरिका व ब्रिटन रोखतच राहिले. "विधायक संपर्क" असे त्या धोरणाचे नाव होते.

कामगारांनी चालवलेली परराष्ट्रनीती

मग ही भिंत खचली कशाने? मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतील जनतेच्या, विशेषतः तेथील कामगारवर्गाच्या, लढ्याने. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या कोसाटू या कामगार महासंघाने खाणी आणि कारखाने हीच रणभूमी केली. अंगोलाच्या भूमीवर क्युबन सैनिकांनी केलेल्या मदतीचाही त्यात मोठा वाटा आहे. डिसेंबर १९८८ चा न्यूयॉर्क करार आणि मार्च १९९० मधील नामिबियाचे स्वातंत्र्य यांमागे तो हिशेब आहे.

परंतु पाश्चात्त्य देशांची सरकारे बदलली ती त्यांच्याच देशांतील सामान्य माणसांच्या रेट्याने. जुलै १९८४ मध्ये डब्लिनमधील एका दुकानसाखळीतल्या तरुण विक्रेत्या मुलीने, संघटनेच्या निर्णयानुसार, दक्षिण आफ्रिकेतून आलेली फळे गल्ल्यावर नोंदवण्यास नकार दिला. तिला निलंबित केले गेले. तिच्याबरोबर मूठभर सहकारी बाहेर पडले आणि हा संप जवळजवळ तीन वर्षे चालला. १९८७ मध्ये आयर्लंडच्या सरकारला दक्षिण आफ्रिकेच्या फळे-भाज्यांच्या आयातीवर बंदी घालावी लागली. १९८४ च्याच अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदी कामगारांनी एका जहाजावरील दक्षिण आफ्रिकी माल अकरा दिवस उतरवला नाही. विद्यापीठे, चर्च, नगरपालिका यांच्या गुंतवणुकींवर प्रश्नचिन्हे उभी राहिली. १९८५ मध्ये बड्या अमेरिकन बँकेने कर्जाची मुदत वाढवून देण्यास नकार दिला तो सद्‌विवेक जागा झाला म्हणून नव्हे. धोका वाढला म्हणून. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने अध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार झुगारून निर्बंधांचा कायदा संमत केला.

यातून निघणारा धडा असा की, भांडवली राज्याच्या परराष्ट्रनीतीत न्याय आपोआप शिरत नाही. तो बंदरातून, दुकानाच्या गल्ल्यावरून आणि कारखान्याच्या दारातून आत शिरतो. ज्या हातांवाचून व्यवहार चालत नाही ते हात थांबले की सरकारांना मानवी हक्क आठवतात.

दुसरी कसोटी : निर्बंध कोण मागतो?

निर्बंधांमुळे कृष्णवर्णीयच उपाशी मरतील, असे रेगन आणि थॅचर सांगत असत. कृष्णवर्णीयांचा इतका कळवळा त्यांना एरवी कधी आलेला दिसत नाही. पण या युक्तिवादाला भावनेने नव्हे, वस्तुस्थितीने उत्तर दिले पाहिजे. दक्षिण आफ्रिकेवरील बहिष्काराची हाक १९५९ मध्येच आल्बर्ट लुथुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिली होती. जे हाल सोसणार होते त्यांनीच आपली संघटना, आपले नेते यांच्यामार्फत ही मागणी केली होती.

याउलट इराकचे उदाहरण घ्यावे. ऑगस्ट १९९० पासून १३ वर्षे त्या देशावर जे निर्बंध लादले गेले ते इराकी जनतेने मागितलेले नव्हते. तेथील संयुक्त राष्ट्रसंघाच्या मदतकार्याचे प्रमुख डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये या निर्बंधांच्या निषेधार्थ राजीनामा दिला. हुकूमशहाचे वाडे शाबूत राहिले आणि इस्पितळांत औषधांचा तुटवडा पडला. क्युबाची नाकेबंदी ही त्याच जातीची आहे. १९९२ पासून आमसभा तिच्याविरुद्ध ठराव संमत करीत आली, आणि नाकेबंदी तशीच राहिली. तेव्हा निर्बंध चांगले की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. पीडितांची संघटित मागणी त्यांच्यामागे आहे काय, आणि त्यांचा भार शासकांच्या नफ्यावर पडतो की जनतेच्या ताटावर, हे पाहिले पाहिजे.

भाकरीचा हक्क

मानवी हक्क म्हणजे केवळ मत देण्याचा आणि बोलण्याचा हक्क, अशी व्याख्या श्रीमंत राष्ट्रांना सोयीची असते. १९६६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने दोन करार संमत केले : एक नागरी व राजकीय हक्कांचा, दुसरा आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा. भारत एप्रिल १९७९ मध्ये दोन्हींत सामील झाला. अमेरिकेने दुसऱ्या करारावर १९७७ मध्ये सही केली, पण तो मान्य करण्याचे पाऊल पुढल्या जवळजवळ अर्धशतकात उचलले नाही. १९८६ मध्ये विकासाच्या हक्काचा जाहीरनामा १४६ मतांनी संमत झाला तेव्हा विरोधात एकच मत होते, अमेरिकेचे.

हा वाद कागदोपत्री नाही. कोविडच्या साथीत, २ ऑक्टोबर २०२० रोजी, भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी जागतिक व्यापार संघटनेपुढे संयुक्त प्रस्ताव मांडला की, लस, औषधे व उपकरणे यांवरील पेटंटचे बंधन साथीपुरते शिथिल करावे. १९४६ मध्ये एकमेकांसमोर उभी असलेली ही दोन राष्ट्रे आता एका बाजूला होती. विरोधात होती ती औषधकंपन्यांची मायभूमी असलेली श्रीमंत राष्ट्रे. निर्णय झाला तो जून २०२२ मध्ये, तोही केवळ लशींपुरता व अटींनी जखडलेला. जगण्याचा हक्क सर्वांत मूलभूत असे जे सांगत होते, त्यांनी पेटंटचा हक्क त्याच्याहून मूलभूत ठरवला.

तिसरी कसोटी : तीच मोजपट्टी आपल्याला

येथवरचे विवेचन ऐकावयास सोपे आहे, कारण दोष दुसऱ्यांचा आहे. परंतु मोजपट्टी खरी असेल तर ती मित्रालाही लागली पाहिजे आणि स्वतःलाही.

१९५६ मध्ये सुएझवरील आक्रमणाचा धिक्कार भारताने तत्काळ केला. हंगेरीबाबत तो अडखळला. १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या प्रश्नावर सुरक्षा समितीत भारत तटस्थ राहिला. अलिप्ततेचे समर्थन करताना या दोन नोंदी गाळता येणार नाहीत. आपल्या चळवळीतही या दोन घटनांनी दीर्घकाळ अस्वस्थता निर्माण केली, ती उगीच नव्हे.

याहून कठीण प्रश्न घरातला आहे. १९४६ मध्ये भारतातील जातिव्यवस्थेकडे बोट दाखवण्याची संधी दक्षिण आफ्रिकेने सोडली नव्हती. त्यांचा हेतू वाईट होता, पण बोट ज्या ठिकाणी रोखले ते ठिकाण खरे होते. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांना पत्र लिहिले. तेथील निग्रो संघटनेने संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे त्यांच्या वाचनात आले होते. त्याच्या प्रती त्यांनी मागवल्या आणि अस्पृश्यांच्या वतीने आपणही तोच मार्ग धरण्याचा विचार करीत असल्याचे कळवले. जगाच्या न्यायासनापुढे जाण्याचा हक्क राज्यांइतकाच पीडितांचाही आहे, ही त्यामागची भूमिका होती.

१९६५ च्या वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय करारात भेदभावाच्या व्याख्येत "कुळ" किंवा "जन्मपरंपरा" या अर्थाचा शब्द आला तो भारताच्याच सूचनेवरून. आणि २००१ मध्ये, योगायोगाने डरबन शहरातच, वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली तेव्हा तत्कालीन भारत सरकारने जातीचा प्रश्न कार्यसूचीवर घेण्यास विरोध केला. जात म्हणजे वंश नव्हे आणि ही आमची अंतर्गत बाब आहे, असा त्याचा पवित्रा होता. पंचावन्न वर्षांपूर्वी जो युक्तिवाद आपण आमसभेत पाडला होता, तो आपल्याच सरकारने उचलून हातात घेतला. तेथे गेलेल्या दलित कार्यकर्त्यांनी त्याला जे उत्तर दिले, ते खरे पाहता १९४६ च्या भारताचेच उत्तर होते.

अगदी अलीकडचे उदाहरण गाझाचे. २९ डिसेंबर २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेने इस्रायलविरुद्ध वंशसंहाराचा खटला आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाखल केला आणि २६ जानेवारी २०२४ रोजी न्यायालयाने अंतरिम आदेश दिले. १९४६ चा आरोपी आता फिर्यादी होऊन उभा होता. तरी पहिली कसोटी त्यालाही चुकत नाही : २०२४ मध्येही दक्षिण आफ्रिकेचा कोळसा इस्रायलला जात राहिला, आणि इस्रायलचा सर्वांत मोठा कोळसा-पुरवठादार असलेल्या कोलंबियाने मात्र त्याच वर्षी निर्यातबंदीचा आदेश काढला. भारताचे काय? डिसेंबर २०२३ मध्ये युद्धबंदीच्या ठरावाला त्याने पाठिंबा दिला. पण ऑक्टोबर २०२३, सप्टेंबर २०२४ आणि जून २०२५ या तिन्ही वेळा आमसभेत तो तटस्थ राहिला. १९७४ मध्ये पॅलेस्टाइन मुक्तिसंघटनेला मान्यता देणारे पहिले बिगर-अरब राष्ट्र ते हेच. इस्रायलला होणारी शस्त्रास्त्र-निर्यात थांबवावी, ही याचिका सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परराष्ट्रनीती हा सरकारचा प्रांत आहे, या कारणाने फेटाळली. न्यायालयाचे दार बंद झाले याचा अर्थ प्रश्न संपला असा नाही. तो जनतेच्या दारात आला, एवढाच.

आणि तेथे त्याला उत्तर देणारेही होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतातील बंदर व जलवाहतूक कामगारांच्या महासंघाने जाहीर केले की, पॅलेस्टाइनवरील युद्धासाठी जाणारी शस्त्रास्त्रे आपले सभासद चढवणार नाहीत वा उतरवणार नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदीची परंपरा आपल्या बंदरांत पोहोचली.

समारोप

तेव्हा कोणत्याही सरकारने, मग ते परके असो वा आपले, मित्राचे असो वा शत्रूचे, मानवी हक्कांचे नाव घेतले की पक्षसभासदाने तीन प्रश्न विचारावेत. यासाठी त्याने स्वतःचे काय सोडले? ही मागणी पीडितांची आहे की त्यांच्या नावाने दुसऱ्याच कोणाची? आणि तोच न्याय ते आपल्या घरात लावावयास तयार आहे काय?

हे काम दिल्लीतल्या नेत्यांचे आहे असे समजून चालणार नाही. आपल्या शहरातील कारखान्यात काय बनते आणि ते कोठे जाते, आपल्या बंदरातून कोणता माल निघतो, आपल्या भविष्य निर्वाह निधीचा आणि विम्याचा पैसा कोणाच्या भांडवलात गुंततो, याची माहिती गोळा करणे हे शाखेचे काम आहे. त्या माहितीच्या आधारे संघटनेत ठराव आणणे, तो ठराव शेजारच्या संघटनेला समजावून सांगणे, आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीवर अन्याय होतो तेव्हा तितक्याच तातडीने तेथे उभे राहणे, ही दोन वेगळी कामे नाहीत. १९४६ मध्ये गुलाम देशाच्या जनतेने परकीय सरकारला न्यायाची किंमत मोजावयास लावली. स्वतंत्र देशाच्या जनतेला ते आपल्या सरकारकडून करून घेणे अवघड असू नये.